आठ जणींचं एक ब्लँकेट: चौकोन एका मापाचे येत नाहीत

सुलट_उलट विचारते:

आम्ही आठ मैत्रिणी आठवड्यातून एकदा दोन तास एकत्र विणायला बसतो. सगळ्यांनी मिळून एक ब्लँकेट करायचं ठरलंय. २० सेंमीचे ४८ चौकोन, ६ × ८ अशी मांडणी, म्हणजे १२० × १६० सेंमी. लोकर सगळ्यांची एकच, डीके (डबल निटिंग, म्हणजे साधारण मध्यम) जाडीची अ‍ॅक्रिलिक. सुया ८ नंबरच्या. ४० टाके घालायचे, सगळ्या ओळी सुलट, ८० ओळी झाल्या की बंद.

१४ चौकोन तयार आहेत. मोजले तर १८ सेंमीचे २, साधारण २० चे ७, २१ चे ३ आणि २२ चे २. त्यातले दोन खाली अरुंद आणि वर रुंद आहेत, आणि एकात बंद करताना ४३ टाके निघाले. उरलेले ३४ कसे करावेत म्हणजे माप जुळेल? आणि झालेल्यांचं काय करायचं? सगळे उसवायची कोणाचीच तयारी नाही.

---

कंगोरा:

आधी सुया तपासा, हात नंतर. "८ नंबर" हे एकच माप नाही. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिमी. गंमत म्हणजे ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकनमध्ये जाड होते. आठ जणींनी आठ ठिकाणांहून सुया आणल्या असतील तर हा घोळ हमखास होतो. सुईवर मिमी छापलेलं नसेल तर भोकांची मोजपट्टी वापरा. जी सुई ज्या भोकातून अडखळत का होईना पार जाते ते तिचं माप. २२ चे दोन्ही चौकोन एकाच मैत्रिणीचे असतील तर पहिला संशय सुईवर.

सुया सारख्या निघाल्या तर मग हात. ४० टाक्यांचा हिशोब साधा आहे. १० सेंमीत २० टाके बसणाऱ्या हाताचा चौकोन २० चा होतो, २२ टाके बसणाऱ्याचा १८.२ चा, १८ टाके बसणाऱ्याचा २२.२ चा. म्हणजे तुमचं १८ ते २२ हे सगळं अंतर १० सेंमीमागे दोन टाक्यांच्या फरकातून आलंय, आणि एवढा फरक आठ हातांत असणारच. धागा उजव्या हाताने टाकणारी आणि डाव्या बोटावर धरून ओढणारी यांचा ताण वेगळा. धातूच्या सुईवर टाका सरकतो, बांबूच्या सुईवर अडतो, त्यानेही ताण बदलतो. "जरा सैल विण" असं सांगून काही होत नाही. पाच मिनिटं लक्ष राहतं, मग गप्पा सुरू झाल्या की हात आपल्या मूळ चालीवर येतो.

तेव्हा टाके मोजायचं सोडा आणि पट्टीने मोजा. यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका विणलेला चौकोन:

३ टाके घाला. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, दुसऱ्यात पुढून आणि मागून विणून एकाचे दोन करा, बाकी सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि त्रिकोण तयार होत जातो. तिरकी कड २० सेंमी भरली की वाढवणं थांबवा. इथून प्रत्येक ओळीत पहिला सुलट, पुढचे दोन एकत्र, बाकी सुलट. ३ टाके उरले की तिन्ही एकत्र विणून धागा ओढून घ्या.

सैल हाताच्या मैत्रिणीला ५० टाक्यांत २० सेंमी मिळतील, घट्ट हाताच्या मैत्रिणीला ६२ लागतील. दोघींचे चौकोन सारखेच. मोजायची ती कड, सुईवरची रुंदी नाही. सुईवर तर चौकोनाचा कर्ण असतो, २० च्या चौकोनाला २८ सेंमीच्या आसपास. इथेच बहुतेकींची चूक होते आणि चौकोन १४ चा होतो.

हे गणित फक्त सगळ्या सुलट ओळींच्या विणीत जमतं, कारण तिच्यात एका टाक्याची रुंदी आणि दोन ओळींची उंची जवळपास सारखी असते. एक ओळ सुलट, एक उलट अशी गुळगुळीत वीण घेतलीत तर चौकोनाऐवजी पतंग होईल.

खाली अरुंद, वर रुंद हा वेगळा रोग आहे. टाके घट्ट घातले गेलेत. टाके घालताना अर्धा मिमी जाड सुई घ्या किंवा दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाला, मग एक काढून घ्या. बंद करतानाही जाड सुई. तिरक्या चौकोनात हा प्रश्नच येत नाही, सुरुवात तीन टाक्यांची आणि शेवटही तीनचा.

---

मुका_खांब:

झालेल्या १४ चं मी सांगते. उसवू नका. क्रोशाची कड लावून सगळे एका मापावर आणता येतात.

लक्ष्य २३ सेंमी ठेवा. सगळ्यात मोठा २२ चा आहे आणि त्यालाही निदान एक फेरी हवीच. डीके लोकरीत ४ मिमीच्या क्रोशाने मुक्या खांबाची (क्रोशाचा बुटका टाका) एक फेरी साधारण अर्धा सेंमी उंच होते. फेरी दोन्ही बाजूंना लागते, म्हणजे चौकोन १ सेंमीने वाढतो. खांबाची (त्याहून उंच टाका) फेरी सव्वा सेंमीच्या जवळपास, म्हणजे चौकोन अडीच सेंमीने वाढतो. तर:

२२ ला मुक्या खांबाची १ फेरी.
२१ ला मुक्या खांबाच्या २ फेऱ्या.
२० ला मुक्या खांबाच्या ३, किंवा खांबाची १ आणि मोजपट्टी धरून उरलेला फरक शेवटच्या फेरीत सैल हाताने.
१८ ला खांबाच्या २ फेऱ्या.

उंचीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवटच्या फेरीत प्रत्येक बाजूला टाक्यांची संख्या एकच हवी. समजा ४०. जोडताना टाक्याला टाका भिडतो, सेंटीमीटरला सेंटीमीटर नाही. कोपऱ्याच्या टाक्यात ३ मुके खांब घालायचे, त्यामुळे पुढच्या प्रत्येक फेरीत बाजूमागे २ टाके आपोआप वाढतात. हे धरून उलटा हिशोब करा. शेवटी ४० हवे आणि ३ फेऱ्या घालायच्या तर पहिल्या फेरीत ३६. एकच फेरी असेल तर पहिल्यांदाच ४०. खांबाच्या फेरीत मात्र कोपऱ्यात ३ कमी पडतात, कड आत वळते. तिथे २ खांब, २ साखळ्या, २ खांब घाला.

पहिली फेरी विणलेल्या कडेवर बसवताना दर टाक्यात एक खांब घालायचा मोह होतो. तो टाळा. आधी बाजूचे चार समान भाग करून खुणेच्या पिना लावा आणि प्रत्येक भागात ९ किंवा १० खांब घाला. कड लाटांसारखी झाली तर खांब जास्त झालेत, चौकोन वाटीसारखा उचलला तर कमी.

अर्थात कडेने सगळं लपत नाही. एका सेंमीपर्यंतचा फरक टाक्यांत मुरतो. तुमच्या १८ च्या दोन चौकोनांची कड बाकीच्यांपेक्षा ठसठशीत रुंद दिसणारच. ते दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा, मुद्दाम केल्यासारखे दिसतील. किंवा प्रामाणिकपणे सांगायचं तर तेवढे दोन उसवा. एका चौकोनात ३२०० टाके, मिनिटाला २० टाके धरले तरी पावणेतीन तासांचं काम आहे.

आणि २३ वर गेलात तर ४८ ची गरजच नाही. ५ × ७ म्हणजे ३५ चौकोनांत ११५ × १६१ सेंमी होतं.

---

लांबच_लांब:

चौकोनांच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत. आठ जणी आहात तर आठ पट्ट्या करा. प्रत्येकीने १६० सेंमी लांब पट्टी विणायची, रुंदी साधारण १५. कोणाची १४ झाली, कोणाची १६, काही बिघडत नाही. शेजारच्या पट्टीला जुळायला फक्त लांबी लागते आणि ती विणत राहून हवी तेवढी करता येते. आठ हातांचे आठ ताण, प्रत्येक ताण आपापल्या पट्टीत सुखाने नांदतो.

शिवणीचा हिशोबही बघा. ४८ चौकोनांना आतल्या ८२ कडा जोडायच्या आणि सुरुवात-शेवटाची निदान ९६ टोकं लपवायची. पट्ट्यांना ७ शिवणी.

काळजी दोन ठिकाणी. लांबी मोजताना पट्टी जमिनीवर सपाट पसरायची आणि पाच मिनिटं तशीच राहू द्यायची. हातात लटकवून मोजलीत तर स्वतःच्या वजनाने ताणते आणि १६० समजून १५० वरच बंद होते. दुसरं, जोडताना एका टोकापासून शिवत जाऊ नका. दर २० सेंमीवर दोन्ही पट्ट्यांना खूण करून आधी त्या खुणा टाचा आणि मग मधलं भरा. नाहीतर शेवटी एक पट्टी चार बोटं उरते.

---

कंगोरा:

पट्टीचा मुद्दा मान्य, पण १४ चौकोन झाल्यावर सांगताय. शिवाय ९० सेंमीच्या पुढे पट्टी पिशवीत घेऊन फिरणं आणि दर ओळीला ती उलटवणं हे काम होऊन बसतं. चौकोन ओंजळीत मावतो, एक-दोन बैठकांत पुरा होतो, आणि एखादी दोन आठवडे आली नाही तर तिचे दोन चौकोन दुसरी करू शकते. अर्धवट पट्टी दुसऱ्या हातात गेली की जिथे हात बदलला तिथे कंबर दिसते.

---

धागा_मोजा:

लोकरीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

दुकानात जाण्याआधी एक चौकोन पुरा करून तो ग्रॅमच्या वजनकाट्यावर ठेवा. समजा २० ग्रॅम भरला. ४८ × २० म्हणजे ९६०. कडा, जोडणी आणि भोवतालच्या किनारीसाठी त्यावर १५ ते २० टक्के धरा, म्हणजे ११०० ते ११५० ग्रॅम. मुका_खांब सांगतात तशा दोन-तीन फेऱ्यांच्या कडा असतील तर आणखी जास्त, कारण क्रोशाला तेवढ्याच जागेसाठी सुयांपेक्षा पाव ते एक तृतीयांश जास्त धागा लागतो.

सगळे गुंडे एकदम घ्या आणि वेष्टणावर रंगाच्या क्रमांकाशेजारी छापलेला डाय लॉटचा (एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा) क्रमांक जुळवा. रंग तोच, लॉट वेगळा, तर गुंडे शेजारी ठेवल्यावर फरक दिसत नाही, पण विणल्यावर सरळ रेघ दिसते. आता वेगळा लॉट येऊनच पडला असेल तर दोन्ही गुंडे लावून दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या असं विणा. किंवा तो लॉट फक्त किनारीला ठेवा.

घरातली उरलेली लोकर आणून मिसळायची कल्पना गटात कोणीतरी काढतंच. रंगाला हरकत नाही, धाग्याच्या जातीला आहे. साधी खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आवळते, अ‍ॅक्रिलिक आवळत नाही. एका ब्लँकेटमध्ये दोन्ही असतील तर पहिल्याच धुण्यात लोकरीचे चौकोन लहान होऊन भोवतालचे सुरकुततात. वेष्टण हरवलेल्या गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली बशी ठेवून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडली जाणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा तत्सम. लाल आणि गडद निळा धागा ओल्या पांढऱ्या कापडात अर्धा तास दाबून ठेवा, रंग सुटत असेल तर फिक्या चौकोनाशेजारी लावू नका.

तिरका चौकोन करणाऱ्यांसाठी काट्याचा आणखी एक उपयोग. एक चौकोन २० ग्रॅमचा असेल तर गुंड्यातून १० ग्रॅम संपले की कर्ण आला, घटवायला लागा. मोजपट्टी विसरली तरी चालतं.

आणि माप जुळवायला इस्त्री फिरवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री टेकली की धाग्याची उसळी कायमची जाते, कापड लुळं आणि चकचकीत होतं, परत येत नाही. वाफ द्यायचीच तर चौकोन २० सेंमीवर टाचून, इस्त्री दोन-तीन सेंमी वर धरून, न टेकवता, आणि पूर्ण गार होईपर्यंत पिना काढायच्या नाहीत. यातून अर्धा-पाऊण सेंमी मिळतो, १८ चा २० होत नाही. खऱ्या लोकरीला मात्र कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, टाचून वाळवलं की ती बऱ्यापैकी ऐकते.

---

सुलट_उलट:

सुया मोजल्या. दोन जोड ५ मिमीचे निघाले, २२ चे दोन्ही चौकोन त्यांचेच! त्या बाजूला ठेवल्या. पुढचे तिरके करतोय, झालेल्यांना कड लावून २३ वर आणतो, नवे २२ चे करून एक फेरी. १८ चे दोन उसवायचं ठरलंय, ज्यांचे आहेत त्या तयार आहेत.

आता ४३ टाक्यांचं कोडं. विणणारी म्हणते मी एकही वाढवला नाही. आणि दोन नवीन जणी येणार आहेत, त्यातली एक डावखुरी. गप्पा चालू असताना त्यांना शिकवायचं कसं?

---

कंगोरा:

तिने वाढवले नाहीत, वाढले. दोन कारणं नेहमीची. पहिलं, ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला जातो, त्यामुळे पहिला टाका वर उचलला जाऊन त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि दोन्ही विणले जातात. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खालून मागे न्यायचा की हे बंद. दुसरं, मध्येच धागा पुढे राहतो आणि पुढचा टाका सुलट विणताना सुईवर एक वेढा चढतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक दिसतं. भोक असेल तर दुसरं कारण, कडेला फुगीर असेल तर पहिलं.

सरळ चौकोन विणणाऱ्यांनी दर दहा ओळींनी टाके मोजावेत, मोठ्याने नको, शेजारची चुकते. आणखी एक सवय लावा: चहाला किंवा फोनला उठताना ओळ पुरी करूनच सुया खाली ठेवायच्या. अर्ध्या ओळीत ठेवलं आणि परत आल्यावर उलट दिशेने सुरू केलं तर एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. नाइलाजाने ठेवलंच तर लक्षात ठेवायची खूण अशी: गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईवरून लोंबतो ती उजव्या हातात.

---

मुका_खांब:

नवीन जणींना समोर बसवू नका, शेजारी बसवा. समोरून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. डावखुरीला मात्र बरोबर समोरच बसवा, तिला तो आरसाच हवा असतो. एका नवीन व्यक्तीला एकाच बैठकीत एकच शिकवणारी. तिघी तीन पद्धतीने धागा धरायला सांगतात आणि पहिल्या दिवशी सुया गळ्यात येतात.

त्यांना ५ मिमीच्या सुया द्या (बाजूला ठेवलेल्या आहेतच), फिक्या रंगाचा, गुळगुळीत, पिळाचा धागा. केसाळ किंवा काळा धागा नको, त्यात टाका दिसत नाही आणि चुकलेला उसवतही नाही. २० टाक्यांवर सुलट विणू द्या, ब्लँकेटच्या चौकोनाला तिसऱ्या-चौथ्या बैठकीत हात लावू द्या. टाके कोणीतरी घालून द्यावेत. टाके घालणं हा विणकामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि अवघड भाग पहिलाच यावा हा जुनाच अन्याय आहे.

---

धागा_मोजा:

गप्पा आणि वीण यांचं जमवायचं तर बैठकीसाठी वेगळं काम ठेवा आणि घरासाठी वेगळं. सगळ्या सुलट ओळी, दोन सुलट दोन उलट अशी पट्टी, क्रोशाचे चौकोन, हे बोलता बोलता होतं. जाळीची वीण, वेण्या, दोन रंगांचं नक्षीकाम घरी. जाळी तिथे आणायचीच असेल तर दर आठ-दहा ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक सुती दोरा ओवून ठेवा. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं, टाके त्यावर अडकून राहतात.

---

सुलट_उलट:

शेवटचं एक. किनारीसाठी दोन नमुने मिळालेत, दोन्हींत "डबल क्रोशे" लिहिलंय. एकीने करून पाहिलं तर किनार दुप्पट रुंद आली.

---

मुका_खांब:

एक नमुना ब्रिटिश आहे, एक अमेरिकन. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. नमुन्यात कुठेही "सिंगल क्रोशे" आला असेल तर तो अमेरिकन, ब्रिटिश नमुन्यात तो शब्दच नसतो. जो वापराल त्यावर पेन्सिलीने मराठीत लिहून घ्या, मगच गटात फिरवा.

जोडणी करताना आधी सगळ्या आडव्या रांगा एका सलग धाग्याने, मग उभ्या. चार कोपरे मिळतात तिथे धागा न तोडता एक साखळी घालून पुढे जा, म्हणजे तिथे भोक पडत नाही. ५ × ७ च्या मांडणीत अशा ६ आडव्या आणि ४ उभ्या शिवणी होतात. त्या दहाही एकाच हाताने घाला. विणताना आठ हात चालतात, जोडताना नाही.